जुना सर्व्हर बंद केला की ऑफिस अडतं: नव्या सर्व्हरवर गेल्यावरचं नेहमीचं दुखणं

नवा सर्व्हर येतो, त्यावर विंडोज सर्व्हर २०२२ चढतं, डेटा कॉपी होतो आणि काही दिवस सगळं छान चालतं. मग कुणीतरी जुन्या सर्व्हरचं बटण बंद करतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन सुरू होतात. लॉगिन करताना ‘वेलकम’वरच गोल फिरत राहतं. ‘एस’ ड्राइव्हवर लाल फुली येते. हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली एज्युकेशनल मोडमध्ये, म्हणजे लायसन्स नसल्यासारखं, उघडतं. स्कॅन केलेला कागद फोल्डरमध्ये पोचत नाही. जुना सर्व्हर परत चालू केला की थोड्या वेळात सगळं पूर्ववत होतं. मालक म्हणतात, ‘‘राहू दे चालू, कशाला हात लावायचा?’’ आणि दहा-बारा वर्षं जुनं ते मशीन आणखी वर्षभर कोपऱ्यात घरघरत राहतं.

भोसरी, चाकण, शिरोली अशा एमआयडीसीतल्या वीस-पंचवीस कॉम्प्युटरच्या कारखान्यांत हा प्रकार सर्रास दिसतो. कारण बहुतेक वेळा एकच असतं. डेटा नव्या सर्व्हरवर गेलेला असतो, पण नावं, पत्ते आणि जबाबदाऱ्या जुन्यावरच राहिलेल्या असतात. त्यामुळे ‘नव्या सर्व्हरमध्ये काय बिघडलं?’ असं न विचारता ‘अजून कोण कोण जुन्याला विचारतंय?’ हे शोधायचं. त्याची माझी पद्धत आणि हमखास सापडणारी कारणं खाली दिली आहेत. उदाहरण विंडोज सर्व्हर २००८ आर-टू वरून २०२२ वर जाण्याचं घेतलं आहे. २००८ आर-टू चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, तरी असे सर्व्हर आजही भरपूर चालू आहेत.

आधी एक पथ्य

जुना सर्व्हर एकदम शटडाऊन करून ‘बघू काय होतंय’ असं करू नका. दहा गोष्टी एकदम मोडतात, लोक ओरडतात, तुम्ही घाईत तो परत चालू करता आणि हाती काहीच लागत नाही. तो चालूच ठेवा आणि त्याच्यावरच्या सेवा एकेक करून बंद करा. आज डीएचसीपी (मशीनना नेटवर्कचे पत्ते वाटणारी सेवा), उद्या शेअर फोल्डर, परवा डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा). जी सेवा बंद केल्यावर जे अडेल, त्याचं कारण तिथेच कळतं आणि ती सेवा परत चालू करायला एक क्लिक पुरतो.

शेवटच्या टप्प्यात जुन्या सर्व्हरवरची ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी डोमेन सर्व्हिसेस’ ही सेवाच थांबवा. डोमेनचा, म्हणजे कंपनीतल्या सगळ्या खात्यांच्या आणि मशीनच्या एकत्र नोंदीचा, कारभार हीच बघते. विंडोज सर्व्हर २००८ पासून ती चालू सर्व्हरवर थांबवता येते, रीस्टार्ट लागत नाही. तिच्यासोबत तिच्यावर अवलंबून असलेल्या सेवाही थांबतात. म्हणजे मशीन चालू, पण डोमेनपुरतं ते नसल्यासारखंच. आठवडाभर ऑफिस असं बिनबोभाट चाललं, तरच पुढे जायचं.

पिंपरी-चिंचवड पट्ट्यात गुरुवारची साप्ताहिक सुट्टी असते, म्हणून ही कामं गुरुवारी काढायचा मोह होतो. पण महावितरणची देखभालीची कामंही तिकडे गुरुवारीच निघतात. वीज जाणार आहे का ते आदल्या दिवशी विचारून ठेवा आणि यूपीएसच्या बॅटरीचा भरवसा नसेल तर काम शुक्रवारी रात्री घ्या. सर्व्हर चालू असताना वीज गेली तर काय होतं, ते पुढे सिसव्हॉलच्या भागात आहेच.

डीएनएस: निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटतात

अडलेल्या मशीनवर बसा. सर्व्हरवर नाही, त्या अडलेल्या मशीनवरच. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग ऑल’ चालवा आणि डीएनएस सर्व्हरच्या ओळी वाचा. बहुतेक ठिकाणी असं दिसतं: पहिली ओळ १९२.१६८.१.१०, म्हणजे जुना सर्व्हर. दुसरी ओळ ८.८.८.८, म्हणजे गूगल.

हा दुसरा आकडा कुणीतरी चांगल्या हेतूने टाकलेला असतो, ‘सर्व्हर बंद पडला तरी इंटरनेट चालावं’ म्हणून. पण डोमेनमधल्या मशीनला तो फार त्रास देतो. पहिला डीएनएस वेळेत उत्तर देईना की विंडोज दुसऱ्याकडे वळतं. गूगलला तुमच्या कंपनीचं आतलं डोमेन माहीत असण्याचं कारणच नाही. तो ‘असं नाव अस्तित्वात नाही’ असं ठाम उत्तर देतो. विंडोज ते उत्तर खरं मानतं, काही वेळ लक्षातही ठेवतं आणि तेवढा वेळ त्या मशीनला डोमेन कंट्रोलर, म्हणजे लॉगिन तपासणारा सर्व्हर, सापडत नाही. इंटरनेट मात्र व्यवस्थित चालत असतं, त्यामुळे डीएनएसचा संशय कुणालाच येत नाही. ‘कधी चालतं, कधी नाही’ अशी तक्रार आली की मी सर्वांत आधी हेच बघतो.

उपाय असा. डोमेनमधल्या प्रत्येक मशीनला डीएनएस म्हणून फक्त आपल्या डोमेन कंट्रोलरचा पत्ता द्यायचा. बाहेरचा डीएनएस द्यायचाच असेल तर तो नव्या सर्व्हरच्या डीएनएसमध्ये फॉरवर्डर म्हणून द्यायचा, म्हणजे स्वतःला माहीत नसलेली नावं सर्व्हरच बाहेर विचारतो. डीएचसीपीमध्ये ऑप्शन ६, म्हणजे मशीनना कळवायचा डीएनएसचा पत्ता, बदलायचा. डीएचसीपी सर्व्हरवर नसून फायबरवाल्याच्या मोडेममधून येत असेल, तर ते मोडेममध्ये बंद करून सर्व्हरवर आणा. एकाच नेटवर्कवर दोन ठिकाणांहून पत्ते वाटले जात असतील तर हे दुखणं कधीच संपत नाही.

शॉप फ्लोअरवरची मशीन विसरू नका. सीएनसीला प्रोग्रॅम पाठवणारा कॉम्प्युटर, गेटवरचा हजेरीचा कॉम्प्युटर, स्टोअरमधला बारकोडचा प्रिंटर, या सगळ्यांना हाताने पत्ते टाकलेले असतात आणि त्यांची यादी कुणाकडेच नसते. ती यादी जुन्या सर्व्हरकडूनच काढून घेता येते. डीएनएस मॅनेजरमध्ये सर्व्हरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘डीबग लॉगिंग’ असा टॅब आहे. तो दोन-तीन दिवस चालू ठेवा. अजून कोणकोणत्या पत्त्यांवरून जुन्या सर्व्हरला प्रश्न येतात आणि कोणत्या नावांसाठी, हे त्या फाइलमध्ये ओळीने मिळतं. तसंच कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये ‘शेअर्ड फोल्डर्स’खाली ‘सेशन्स’ आणि ‘ओपन फाइल्स’ बघा. कोण अजून जुन्या शेअरवर काम करतंय ते नावानिशी दिसतं.

दोन जागा हमखास राहून जातात. पहिली म्हणजे नव्या सर्व्हरचं स्वतःचं नेटवर्क कार्ड. डोमेनमध्ये घेताना त्याला डीएनएस म्हणून जुन्याचा पत्ता दिलेला असतो आणि तो तसाच राहतो. मग जुना बंद असताना नवा रीस्टार्ट झाला की त्याला चालू व्हायलाच फार वेळ लागतो आणि डीएनएसच्या इव्हेंट लॉगमध्ये ४०१३ हा इव्हेंट दिसतो. त्या कार्डवर नव्याचाच पत्ता टाका.

दुसरी जागा म्हणजे डीएनएस झोनमधला (डोमेनच्या नावांच्या नोंदवहीतला) करड्या रंगाचा फोल्डर. विंडोज २००३ च्या काळात सुरू झालेल्या डोमेनमध्ये ‘अंडरस्कोअर एमएसडीसीएस’ नावाचं झोन वेगळं असतं आणि मुख्य झोनमध्ये त्याच्याकडे बोट दाखवणारी एक डेलिगेशनची नोंद असते. या नोंदीत जुन्या सर्व्हरचं नाव असतं आणि ते आपोआप बदलत नाही. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘नेम सर्व्हर्स’खाली नव्याचं नाव घाला, मग जुन्याचं काढा.

सगळं बदलल्यावर अडलेल्या मशीनवर ‘आयपीकॉन्फिग फ्लशडीएनएस’ चालवा आणि ‘एनएलटेस्ट’ला डोमेनचं नाव देऊन ‘फोर्स’ स्विचसह डोमेन कंट्रोलर शोधायला सांगा. उत्तरात नव्याचं नाव आलं पाहिजे. ‘फोर्स’ टाळू नका, नाहीतर मशीन आठवणीतलं जुनंच नाव सांगतं.

सिसव्हॉल: जे आधीपासून मोडलेलं असतं

डीएनएस बरोबर आहे, तरी जुना बंद केल्यावर लॉगिन रखडतं किंवा ग्रुप पॉलिसी (सगळ्या मशीनना एकदम लावलेले नियम) लागत नाही. अशा वेळी नव्या सर्व्हरवर ‘नेट शेअर’ चालवा. यादीत सिसव्हॉल आणि नेटलॉगऑन (ग्रुप पॉलिसी आणि लॉगिन स्क्रिप्ट ठेवलेले डोमेन कंट्रोलरवरचे शेअर) ही दोन्ही नावं दिसली पाहिजेत. ती नसतील तर नवा सर्व्हर नावापुरताच डोमेन कंट्रोलर आहे आणि सगळा भार जुनाच वाहतो आहे. अशा वेळी दोष नव्याचा नसतो. जुन्याकडचं सिसव्हॉल कैक महिने, कधी कैक वर्षं अडकून पडलेलं असतं. डोमेन कंट्रोलर एकटाच असल्यामुळे त्याला कुणाला काही पाठवायचंच नव्हतं, म्हणून ते कधी कळलं नाही.

याचे दोन प्रकार आहेत. डोमेन २००३ च्या काळातलं असेल तर सिसव्हॉलची देवाणघेवाण अजूनही जुन्या एफआरएस (फाइल रेप्लिकेशन सर्व्हिस) पद्धतीने चालत असते. २००८ वर अपग्रेड झालं म्हणून ती आपोआप बदलत नाही. विंडोज सर्व्हर २०१९ आणि त्यापुढच्यांना एफआरएस चालतच नाही, त्यामुळे नव्याला डोमेन कंट्रोलर करणारा प्रमोशनचा विझार्ड तिथेच थांबवतो. अशा वेळी काही जण आडवाट काढतात. मध्ये २०१६ चा सर्व्हर घालतात आणि दुखणं तसंच पुढे नेतात. ते करू नका, आधी मूळ दुरुस्त करा.

जुन्या सर्व्हरच्या ‘फाइल रेप्लिकेशन सर्व्हिस’ लॉगमध्ये १३५६८ हा इव्हेंट आहे का बघा. असेल तर जर्नल रॅप झालेला आहे, म्हणजे फाइलींतल्या बदलांचा माग एफआरएसकडून हरवला आहे. लॉगमध्येच एक रजिस्ट्रीचा उपाय सुचवलेला असतो, पण डोमेन कंट्रोलर एकटाच असेल तर तो वापरू नका. त्या उपायात सर्व्हर स्वतःचं सिसव्हॉल बाजूला सारून दुसऱ्याकडून नवं मागतो आणि दुसरा तर कुणी नाहीच. सिस्टिम स्टेटचा बॅकअप घ्या, सिसव्हॉलच्या फोल्डरची वेगळी कॉपी काढा, एफआरएस सेवा थांबवा, बरफ्लॅग्ज या रजिस्ट्री किल्लीत डी-फोर घाला आणि सेवा चालू करा. डी-फोर म्हणजे ‘माझंच खरं’. १३५१६ हा इव्हेंट आला की काम झालं.

मग डोमेन फंक्शनल लेव्हल (डोमेन विंडोज सर्व्हरच्या कोणत्या आवृत्तीच्या सोयी वापरतं ते) किमान २००८ करा आणि एफआरएसवरून नव्या डीएफएसआर पद्धतीवर नेणाऱ्या ‘डीएफएसआरमिग’ या कमांडने एक, दोन, तीन असे टप्पे घ्या. प्रत्येक टप्प्यानंतर ‘गेट मायग्रेशन स्टेट’ विचारा आणि सगळे डोमेन कंट्रोलर त्या टप्प्यावर पोचल्याचं उत्तर येईपर्यंत पुढचा आकडा देऊ नका. दुसऱ्या टप्प्यापर्यंत मागे फिरता येतं, तिसऱ्यानंतर नाही.

दुसरा प्रकार डीएफएसआरवर आधीच गेलेल्या डोमेनचा. इथे वीज हा मोठा विषय आहे. सर्व्हर धाडकन बंद पडला की डीएफएसआर आपला डेटाबेस संशयास्पद मानतं आणि २२१३ हा इव्हेंट लिहून थांबतं. अपडेट केलेल्या २००८ आर-टू वर आणि २०१२ वर ते आपणहून पुन्हा सुरू होत नाही. ‘आता पुढे चल’ हे हाताने सांगावं लागतं. ती पूर्ण कमांड त्याच इव्हेंटच्या मजकुरात दिलेली असते, तिथूनच कॉपी करा. हे न करता ६० दिवस उलटले की ४०१२ येतो आणि मग साधी कमांड पुरत नाही. एडीएसआय एडिट या साधनातून एका सर्व्हरला प्रमुख ठरवून सिसव्हॉल नव्याने सुरू करावं लागतं. नवा सर्व्हर आणायच्या आधी जुन्याच्या डीएफएसआर लॉगमध्ये हे दोन आकडे शोधले, तर पुढचा बराचसा मनस्ताप वाचतो.

पाच भूमिका आणि घड्याळ

डोमेनमधल्या पाच खास भूमिका प्रत्येकी एकाच डोमेन कंट्रोलरकडे असतात. त्या कुणाकडे आहेत ते बघायला ‘नेटडॉम क्वेरी एफएसएमओ’ चालवा. पाच ओळी येतात, पाचही ठिकाणी नव्याचं नाव हवं. नवा सर्व्हर ग्लोबल कॅटलॉग (डोमेनमधल्या नोंदींची शोधसूची ठेवणारा) आहे ना, हेही बघा.

यांतली पीडीसी एम्युलेटरची भूमिका नव्याकडे गेली की डोमेनचं घड्याळही त्याच्याकडे जातं. त्याने वेळ बाहेरून घ्यायला हवी. लॉगिन तपासणारी कर्बेरॉस पद्धत पाच मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेते, त्यापुढे लॉगिन नाकारते. नवा सर्व्हर हायपर-व्हीवर व्हर्च्युअल मशीन म्हणून (दुसऱ्या, होस्ट सर्व्हरच्या पोटात) चालत असेल तर होस्टकडून वेळ घेण्याची सोय त्या व्हर्च्युअल मशीनपुरती बंद करा आणि राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा टाइम सर्व्हर द्या. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) किंवा या प्रयोगशाळेच्या घड्याळाशी जुळवून घ्यायला सांगितलं आहे.

नवा सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावरच अडचण येत असेल तर फायरवॉलची प्रोफाइल बघा. ‘डोमेन’ऐवजी ‘पब्लिक’ पडली असेल तर नेटवर्क कार्ड बंद-चालू करून ती सुधारते का ते बघा. सुधारली, तर सर्व्हर चालू झाल्यावर हे आपोआप होईल असा टास्क लावून ठेवा.

नावात अडकलेल्या फाइली

आता खऱ्या किचकट भागाकडे. लॉगिन नीट होतं, ड्राइव्हही दिसतात, पण अमुक एक शीट उघडायला दोन मिनिटं घेते. खरेदी विभागाची रेट शीट उघडून एक्सेलच्या ‘डेटा’ टॅबमधलं ‘एडिट लिंक्स’ बघितलं की दिसतं: त्या शीटमधले दर दुसऱ्या फाइलमधून येतात आणि त्या फाइलचा मार्ग जुन्या सर्व्हरच्या नावाने सुरू होतो. एक्सेल त्या नावाचा शोध घेत बसतं. असेच मार्ग डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटमध्ये, लॉगिन स्क्रिप्टमध्ये, प्रिंटरच्या नावात आणि ओडीबीसीच्या (डेटाबेसशी बोलण्याच्या) जोडणीत असतात.

हे एकेक करून शोधणं माणसाच्या आवाक्याबाहेरचं आहे. त्यापेक्षा जुना सर्व्हर डोमेनमधून रीतसर गेल्यावर त्याचं नाव नव्याला जोडनाव म्हणून द्या. ‘नेटडॉम कॉम्प्युटरनेम’ला ‘ॲड’ स्विच लावून हे होतं. डीएनएसची नोंद आणि कर्बेरॉसला लागणारी ओळख, दोन्ही त्यात येतं. डीएनएसमध्ये नुसता सीनेम, म्हणजे टोपणनावाची नोंद, टाकला तर नाव सापडतं, पण ओळख जुळत नाही आणि पासवर्डची खिडकी येऊ शकते. शेअरची नावं मात्र अक्षरशः तीच ठेवा.

त्याआधी एक काळजी घ्या. डेटा हलवला त्या क्षणापासून जुन्या सर्व्हरचे शेअर फक्त वाचण्यापुरते करा. नाहीतर कुणाचं तरी कोटेशन जुन्या शॉर्टकटमधून जुन्याच सर्व्हरवर सेव्ह होत राहतं आणि पंधरा दिवसांनी एकाच फाइलच्या दोन आवृत्त्या हाती येतात. मग ‘राहिलेलं घेऊ’ म्हणून रोबोकॉपी (विंडोजची फाइल कॉपी करण्याची कमांड) मिरर स्विचसह पुन्हा चालवलं, तर नव्या सर्व्हरवर मधल्या काळात तयार झालेल्या फाइली पुसल्या जातात, कारण त्या जुन्यावर नसतात. लोक नव्यावर काम करू लागले की मिरर वापरायचा नाही.

टॅली

‘‘सर, एज्युकेशनल दाखवतंय आणि आज जीएसटीची शेवटची तारीख आहे,’’ असा अकाउंटंटचा फोन यायला नको असेल तर तारखा बघून काम काढा. ११ आणि २० तारखेच्या आसपास अकाउंट्सच्या मशीनला हात लावू नका.

टॅलीचं लायसन्स मशीनशी बांधलेलं असतं. जुन्या सर्व्हरवर टॅली उघडून लायसन्स सरेंडर करा, मग नव्यावर ॲक्टिव्हेट करा. यासाठी जुना सर्व्हर चालू आणि इंटरनेटवर असावा लागतो, म्हणून हे आधी. त्यानंतर प्रत्येक मशीनवरच्या टॅलीमध्ये लायसन्स सर्व्हरचं नाव बघा. टॅली डॉट आयएनआय फाइलमध्ये ‘टॅली गेटवे सर्व्हर’ अशी ओळ असते, तिच्यात सर्व्हरचं नाव आणि पोर्ट ९९९९ असतं. नाव बदला आणि नव्या सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये तो पोर्ट उघडा. डेटाचा मार्गही तिथेच तपासा.

स्कॅनर आणि एक्सपीवालं मशीन

कॉपिअरचं ‘स्कॅन टू फोल्डर’ बंद पडण्याचं कारण बहुधा एसएमबी-वन, म्हणजे शेअर फोल्डरशी बोलण्याचं जुनं तंत्र, हेच. नव्या विंडोज सर्व्हरमध्ये ते मुळातच चालू नसतं, आणि ते योग्यच आहे. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच वाटेने पसरला होता. ‘एका स्कॅनरसाठी चालू करून टाकू’ असं म्हणून संपूर्ण कंपनीचा डेटा असलेल्या सर्व्हरवर ते दार उघडू नका. कॉपिअरच्या सेटिंगमध्ये एसएमबी-टू आहे का बघा, फर्मवेअर अपडेट मागवा, नाहीतर स्कॅन ईमेलवर किंवा एफटीपीवर पाठवा.

मशीन टूलला जोडलेला एक्सपीचा कॉम्प्युटर हा वेगळा प्रश्न आहे. एक्सपीला एसएमबी-वनशिवाय दुसरं काही येतच नाही आणि मशीनचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही. त्याला ऑफिसच्या नेटवर्कमधून काढा. प्रोग्रॅम नेण्यासाठी फक्त एफटीपी (फाइली पाठवण्याची साधी पद्धत) चालवणारा एक छोटा बॉक्स मध्ये ठेवा. खर्च थोडा होतो, पण तो मालकांना पटवून द्यायलाच हवा.

जुन्याला निरोप

आठवडाभर ॲक्टिव्ह डिरेक्टरीची सेवा बंद ठेवून काही अडलं नाही, की ती सेवा पुन्हा चालू करा आणि ‘डीसीप्रोमो’ने जुना डिमोट करा, म्हणजे त्याचं डोमेन कंट्रोलरपद रीतसर काढा. विझार्डमध्ये ‘हा डोमेनमधला शेवटचा डोमेन कंट्रोलर आहे’ अशा अर्थाचा चौकोन येतो. त्यावर टिक करायची नाही. टिक झाली तर विझार्ड संपूर्ण डोमेन संपवण्याच्या मार्गाला लागतो.

डिमोट न करता नुसता बंद करून ‘असू दे, कधी लागला तर’ म्हणून माळ्यावर ठेवू नका. डोमेनमधून पुसलेल्या गोष्टींची खूण १८० दिवस राहते, फार जुन्या डोमेनमध्ये ६० च दिवस. त्यानंतर तो चालू केला तर पुसलेली खाती त्याच्याकडे जिवंत असतात आणि दोन्ही सर्व्हरांचं जुळत नाही. तो आधीच मेला असेल तर नव्या सर्व्हरवर ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी युजर्स अँड कॉम्प्युटर्स’मध्ये डोमेन कंट्रोलर्सखालचं त्याचं नाव डिलीट करा, बरीचशी साफसफाई तिथेच होते. ‘साइट्स अँड सर्व्हिसेस’मध्ये आणि डीएनएसच्या नेम सर्व्हर यादीत त्याचं नाव उरलं असेल तर हाताने काढा.

डिस्कचं शेवटी बघा, पण मशीन बूट होतंय तोवरच. जुन्या रेड कार्डावरच्या (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डावरच्या) डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावल्या तर बहुधा वाचता येत नाहीत. त्यामुळे ‘डिस्क आहेत ना जपून’ यावर विसंबू नका. डेटाची आणि टॅलीच्या जुन्या वर्षांची एक पूर्ण कॉपी साध्या बाहेरच्या डिस्कवर घ्या. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तकं किमान ८ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात, म्हणून ती डिस्क अकाउंटंटच्या कपाटात, तारीख लिहून ठेवा. त्यातलं एखादं जुनं वर्ष नव्या सर्व्हरवर उघडून बघा आणि त्यानंतरच मशीन भंगारात द्या.